भाच्याची कॅनडाची फाइल परत आली, आणि घरातले जुने पासपोर्ट आठवले

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा लांबेल.

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीच्या मुलाची कॅनडाच्या विद्यार्थी व्हिसाची फाइल परत आली. रिफ्यूजल. बहीण मांजलपूरला राहते. मी पोचले तेव्हा जेवणाच्या टेबलावर निळी प्लास्टिकची फाइल उघडी होती आणि भाचा एकेक कागद काढून उलटा ठेवत होता. आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा साडेसहा बँडचा निकाल, ऑन्टारिओतल्या कॉलेजचं ऑफर लेटर, जीआयसीची (तिकडच्या राहण्याच्या खर्चासाठी आधी भरायच्या ठेवीची) पावती, मेव्हण्यांच्या पीएफचा उतारा, बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र. "मावशी, माझं काय कमी पडलं?" एवढंच विचारलं त्याने.

मी "पुढच्या इनटेकला बघू" असं काहीतरी बोलले. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. त्यांच्याच सोसायटीतला, याच्यापेक्षा अर्ध्या बँडने मागे असलेला मुलगा २०२२ मध्ये महिन्याच्या आत व्हिसा घेऊन गेला होता. दोन मुलांत फरक काहीच नाही. फरक पडला तो मधल्या काळात. सप्टेंबर २०२३ मध्ये भारत आणि कॅनडा सरकारांचं बिनसलं. ऑक्टोबरात कॅनडाने भारतातले आपले ४१ राजनैतिक अधिकारी परत बोलावले आणि त्यांच्या मुंबईच्या वकिलातीतलं समोरासमोरचं काम थांबलं. जानेवारी २०२४ पासून जीआयसीची रक्कम १० हजार डॉलरवरून २०,६३५ झाली. त्याच महिन्यात विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली. ८ नोव्हेंबर २०२४ ला एसडीएस ही झटपट व्हिसाची सोयही बंद झाली. भाचा या सगळ्याच्या पलीकडच्या टोकाला उभा होता, आणि विचारत होता की माझं काय चुकलं.

आमच्या घरातून बाहेर गेलेल्या प्रत्येकाबद्दल आम्ही "नशीब काढलं" म्हणत आलो. आता एकेकाचं साल आठवून बघते, तर प्रत्येक वेळी त्याच्या आधी दोन सरकारांमध्ये काहीतरी घडलेलं असतं. कधी करार, कधी भांडण, कधी एखादा कायदा. लांब कशाला, आपण मराठी माणसं बडोद्यात का आहोत? १७३४ मध्ये बडोदं गायकवाडांच्या हाती कायमचं आलं आणि मागोमाग शिलेदार, कारकून, भिक्षुक आले. आमचे पूर्वज त्यातलेच. सत्तेची वाट झाली, तिच्यावरून माणसं चालली.

तुमच्या घरातून कोण, कधी, कुठल्या दाराने गेलं किंवा आलं? ते दार कुणी उघडलं, कुणी लावलं? मनापासून विचारतेय. भाच्याला वाचायला देणार आहे.

अलकापुरी_सोडलेला

ताई, तुमचं दुःख समजतं, पण एक दुरुस्ती करतो. मी सहा वर्षं अलकापुरीत एका कन्सल्टन्सीत फाइली लावायचं काम केलं.

विद्यार्थ्यांवरची मर्यादा भारताशी झालेल्या भांडणातून आली नाही. ती सगळ्या देशांच्या मुलांना लागू होती. २०२४ साठी सुमारे ३ लाख ६० हजार परवाने ठरले, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. तिथे घरभाडी आकाशाला भिडली होती, आणि काही कॉलेजं मुलांना नुसतं भरून घेत होती. भांडणाचा परिणाम वेगळ्या जागी झाला. व्हिसाचं काम करणारे त्यांचे इथले कॅनेडियन अधिकारी २७ वरून ५ वर आले. त्यामुळे फाइली साचल्या. अंतर्गत कारण आणि बाहेरचं भांडण एकाच वेळी आलं, आणि मध्ये आपली मुलं सापडली.

आता जे आमच्या ऑफिसात कुणी बोलायचं नाही ते सांगतो. कन्सल्टन्सीला पैसे मुलाच्या फीपेक्षा जास्त कॉलेजकडून मिळतात. मूल तिकडे दाखल झालं की कमिशन. म्हणून २०२४ च्या मे महिन्यात ठरावीक प्रकारच्या खासगी भागीदारीतल्या कॉलेजांना शिक्षणानंतरचा वर्क परमिट बंद झाला, तरी आमच्या टेबलावरची जुनी माहितीपत्रकं हलली नाहीत. एक वडील वाघोडिया रोडवरचं दुकान गहाण ठेवून आले होते. मी त्यांना खरं सांगितलं आणि त्या महिन्याअखेरीस काम सोडलं. आधीच सोडायला हवं होतं.

भाच्याच्या रिफ्यूजलनंतर अधिकाऱ्याने फाइलवर लिहिलेल्या नोंदी मागवता येतात. आधी त्या मागवा. ते न वाचता दुसरी फाइल टाकू नका.

दांडियाबाजारकर

@अलकापुरी_सोडलेला, मनापासून आभार. दुरुस्ती मान्य. नोंदी मागवायला उद्याच सांगते.

जुना_रिफायनरीवाला

मी कोयलीच्या रिफायनरीत १९७१ ला लागलो, आज ७५ वर्षांचा आहे. मोबाइलवर टाइप करतोय, चुका पदरात घ्या.

कोयलीचा कारखाना सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभा राहिला, १९६५ मध्ये सुरू झाला. अंकलेश्वरला तेल लागलं तेव्हाही त्यांचेच तज्ज्ञ होते. माझा फोरमन रशियन इंजिनिअरांच्या हाताखाली तयार झालेला. व्हॉल्व्हच्या आवाजावरून आत काय चाललंय ते ओळखायचा. त्याने मला भट्टीसमोर उभं करून शिकवलं, ज्योतीच्या रंगावरून हवा कमी की जास्त ते. पिवळी, धुरकट ज्योत म्हणजे हवा कमी.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात पैसा आला. त्यांना कारखाने चालवणारे हात हवे होते आणि ते हात इकडे तयार होते. म्हणजे बघा, दिल्ली आणि मॉस्को यांच्या मैत्रीतून बडोद्यात कारागीर घडले, आणि ते कामाला गेले कुवेतला. मी १९७८ ला गेलो.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी रणगाडे आले. पुढचे पाच आठवडे मी कुणालाच सांगत नाही, इथेही लिहीत नाही. बसने बगदाद, तिथून जॉर्डनची सीमा, वाळवंटातली छावणी, मग अम्मानहून एअर इंडियाचं विमान. १ लाख ७० हजारांहून जास्त भारतीय त्या वाटेने परत आले. त्या वेळी गुजराल परराष्ट्रमंत्री होते, ते बगदादला जाऊन सद्दाम हुसेनला भेटले. त्या भेटीवरून त्यांच्यावर टीकाही बरीच झाली. मी छावणीत पाण्याच्या रांगेत उभा होतो, मला ती टीका कधी पटली नाही. भारताने बोलणं तोडलं नाही म्हणून आमच्या बस सुटल्या.

घरी पोचलो तेव्हा हातात एक थर्मास आणि पासपोर्ट होता. थर्मास अजून आहे.

चरोतरची_सून

काका, वाचून डोळे भरले. नमस्कार करते.

मी मूळची रावपुऱ्यातली, लग्न होऊन पेटलादजवळच्या पटेल घरात आले. आमच्या सासूबाईंचा जन्म युगांडातल्या जिंजाचा. ४ ऑगस्ट १९७२ ला इदी अमीनने जाहीर केलं, ९० दिवसांत निघा. त्यांच्या घरात तेव्हा तीन प्रकारचे पासपोर्ट होते. वडिलांचा भारतीय, कारण त्यांनी कधी बदललाच नव्हता. मोठ्या भावाचा ब्रिटिश. धाकट्याने स्वातंत्र्यानंतर युगांडाचं नागरिकत्व घेतलं होतं, ते पडताळणीत नाकारलं गेलं. एकाच ताटातले लोक तीन दिशांना गेले. सासूबाई वडिलांबरोबर मुंबईच्या बोटीने आल्या, मोठा भाऊ लेस्टरला, धाकटा निर्वासित छावणीतून कॅनडाला. जवळ माणशी पन्नासेक पौंड.

ब्रिटनने सुमारे २८ हजार जणांना घेतलं, पण तेही आनंदाने नाही. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, इकडे येऊ नका म्हणून. आणि त्याआधी १९६८ मध्ये केनियातले आशियाई लोक येऊ लागले तेव्हा तीन दिवसांत कायदा करून घेतला होता. ब्रिटिश पासपोर्ट असला तरी आई-वडील किंवा आजी-आजोबा तिथले हवेत, नाहीतर थांबा. हातात त्याच राणीचा पासपोर्ट असताना! सासूबाई हे सांगताना अजूनही आवाज चढवतात, आणि मला तो योग्यच वाटतो.

अमेरिकेचंही थोडं सांगते. १९४६ च्या कायद्याने भारताला वर्षाला १०० जागा होत्या. १९६५ च्या कायद्याने देशांचे ते कोटे गेले, आणि भावाबहिणीला बोलवायची सोय खुली झाली. पण एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा राहिली, त्यामुळे आपली रांग फार लांब. माझ्या थोरल्या दिरांसाठी त्यांच्या बहिणीने २००५ मध्ये अर्ज टाकला होता. मुलाखतीचं पत्र आलं ते गेल्या वर्षी. तोवर त्यांचा मुलगा सत्तावीस वर्षांचा झाला आणि अर्जातून त्याचं नाव गळलं. आता आईबाप तिकडे जाणार, मुलगा इकडे. एकत्र येण्यासाठी केलेल्या अर्जाने घर दोन ठिकाणी झालं.

ओटला

सगळे करार आणि कायदे सांगताहेत, पण माणूस निघतो पोटासाठी. चरोतरातून, म्हणजे आणंद-पेटलादच्या पट्ट्यातून, लोक आफ्रिकेला का गेले? १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ. गुरं मेली, माणसं मेली. दार उघडं आहे म्हणून कुणी सुखासुखी घर सोडत नाही.

चरोतरची_सून

@ओटला दादा, निघण्याचं कारण तुम्ही म्हणता तेच. आमच्या घरातही छप्पनियाच्या गोष्टी आहेत. पण उपाशी माणूस मोंबासालाच का उतरला? कारण गुजरातचा किनारा आणि आफ्रिकेचा किनारा एकाच साम्राज्याच्या बोटींनी जोडलेला होता, आणि १८९६ ते १९०१ मध्ये युगांडा रेल्वे बांधायला इंग्रजांनी इथून ३२ हजारांच्या आसपास मजूर नेले. त्यातले बरेचसे पंजाबचे, आणि बहुतेक परत आले. मागोमाग दुकानदार गेले ते आपले. कोकणातली मराठी माणसं मॉरिशसला पोचली तीही उसाच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी केलेल्या करारांवर. भूक सगळीकडे सारखी होती. ती कुठे नेऊन सोडणार, हे बोटीच्या वाटेने ठरवलं.

आणखी एक. भादरण, सोजित्रा, धर्मज ही गावं बडोदा राज्यातली. सयाजीरावांनी १९०६ पासून राज्यभर शिक्षण सक्तीचं केलं. हिशेब लिहिता येणारी मुलं दुकान चालवायला परदेशी जाऊ शकली, हा वाटा मोठा आहे.

ओटला

वहिनी, हे पटलं. मग मीही माझं खरं कारण सांगतो. माझ्या मित्राचा चुलतभाऊ उत्तर गुजरातेतून "लाइनने", म्हणजे एजंटच्या बेकायदा वाटेने, अमेरिकेला निघाला होता. डिसेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या व्हात्री विमानतळावर ३०३ भारतीयांचं विमान अडवलं होतं, आठवतं? ते निकाराग्वाला चाललं होतं. इतक्या लांबच्या, कधी नाव न ऐकलेल्या देशात का? कारण अमेरिकेचं आणि त्यांचं जमत नाही, आणि ते आलेल्या माणसाकडून पैसे घेऊन सहज प्रवेश देत होते. तिथून पुढे जमिनीने वर. दोन देशांच्या वैरात एजंटला फट सापडली. त्यातले २७६ जण मुंबईला परत आले.

आणि जे पोचतात त्यांचं काय? १९ जानेवारी २०२२ ला कॅनडा-अमेरिका सीमेवर एमर्सनजवळ बर्फात आपल्या गुजरातच्या एका कुटुंबातले चौघं गोठून गेले, दोन लेकरं त्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करी विमानाने १०४ जण अमृतसरला आणून सोडले, ३३ गुजरातचे, हातापायात बेड्या. मित्राचा भाऊ यातल्या कुठल्याच यादीत नाही. त्याचा फोन दीड वर्षापूर्वी शेवटचा आला. म्हणून म्हणालो की लोक पोटासाठी निघतात. त्याच्या घरी तर जमीनही होती, म्हणजे माझंच म्हणणं पुरेसं नाही.

करेलीबाग_संध्याकाळ

इतकं वाचून आमच्या सोसायटीच्या वॉचमनदादांना आज पहिल्यांदा विचारलं. नेपाळमधल्या बैतडीचे आहेत. बनबसाच्या पुलावरून चालत आले, कुणी व्हिसा विचारला नाही. १९५० च्या भारत-नेपाळ तहाची ही ताकद. त्यांचा मुलगा मात्र आता कतारला आहे, तिथे त्याला कागदांचं बाड लागलं.

नर्मदाकाठ

दमणच्या शेजाऱ्यांचं उदाहरण. गोवा, दमण, दीव १९ डिसेंबर १९६१ ला भारतात आले. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. शेजाऱ्यांनी आजोबांचा जन्म लिस्बनला नोंदवला, सगळ्यांचे पासपोर्ट केले आणि राहायला गेले इंग्लंडला, कारण तेव्हा युरोपियन युनियनचा पासपोर्ट तिथे चालत होता. पोर्तुगाल त्यांनी पाहिलंही नाही. ब्रेक्झिटनंतर, २०२० संपताच, नवीन जाणाऱ्यांसाठी ती वाट मिटली. धाकटी बहीण तेवढ्यासाठी मागे राहिली, तिचं कागदपत्र उशिरा झालं.

वळिवड्याची_नात

माझा मुलगा खारकीव्हला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होता. सोव्हिएत काळापासून आपली मुलं तिकडे कमी खर्चात शिकायला जातात. इथल्या खासगी कॉलेजची फी आम्हाला झेपणारी नव्हती.

२४ फेब्रुवारी २०२२ नंतरचे ते दिवस. तळघरातून तो कुजबुजत बोलायचा, बॅटरी वाचवायला दोनच मिनिटं. मग ल्विव्हपर्यंत उभ्याने रेल्वे, आणि पोलंडच्या सीमेपर्यंत बर्फात चालत. पोलंडने भारतीय मुलांना व्हिसा नसताना आत घेतलं. सुमारे साडेबावीस हजार भारतीय सरकारच्या त्या सुटकेच्या मोहिमेत परत आले.

मी माहेरची कोल्हापूरची. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले पाचेक हजार पोलिश लोक कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले होते, १९४३ ते १९४८. बायका-मुलं जास्त. माझी आजी सांगायची, त्या बायका बाजारात खुणांनी भाजी मागायच्या, आणि आजीच्या आईने एकीला चुलीवर भाकरी थापायला शिकवलं होतं. इकडे जामनगरजवळ बालाचडीला तिथल्या महाराजांनी, म्हणजे जामसाहेबांनी, पोलिश मुलांना आसरा दिला, ते सगळ्यांना माहीत आहे. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे.

मुलाचा सीमा ओलांडल्याचा फोन आला तेव्हा मला आजीची ती भाकरी आठवली. ऐंशी वर्षांपूर्वीच्या गोष्टीमुळे माझ्या मुलाला आत घेतलं असं मी म्हणत नाही. पण मी देवासमोर दिवा लावला तेव्हा त्या अनोळखी बाईसाठीही हात जोडले.

स्टुटगार्टचा_बडोदेकर

ताई, भाच्यासाठी थोडं कामाचं लिहितो.

जर्मनीला सध्या माणसं हवी आहेत आणि भारताशी संबंध चांगले आहेत. ५ डिसेंबर २०२२ ला दोन्ही देशांचा स्थलांतराचा करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी कुशल भारतीयांसाठीचे वर्षाचे व्हिसा २० हजारांवरून ९० हजार करायचं जाहीर केलं. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही. माझ्या राज्यात मात्र आहे, बाहेरच्या देशांच्या मुलांना सत्राला १५०० युरो. राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे गोठवलेल्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय मुलांना एपीएस हे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे, त्याला वेळ धरा. इंग्रजीत कोर्स मिळाला तरी जर्मन शिकून या. बेकरीत, डॉक्टरकडे, घरमालकाकडे जर्मनच लागतं. मी शिकलो नव्हतो, पहिलं वर्ष फार एकटं गेलं.

कराराचा फरक पगाराच्या चिठ्ठीवरही दिसतो. भारत आणि जर्मनीमध्ये सामाजिक सुरक्षेचा करार आहे, म्हणून कंपनीने ठरावीक काळासाठी पाठवलेल्या माणसाला दोन्हीकडे पेन्शनचे पैसे भरावे लागत नाहीत. अमेरिकेशी असा करार नाही. माझ्या मित्राने तिथे सहा वर्षं पैसे भरले आणि काही न मिळता परत आला. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी (तिथल्या नोकरीचा व्हिसा) अर्जाला १ लाख डॉलर लावले.

पण आज उघडं आहे म्हणून उद्या राहील असं धरू नका. इथेही निवडणुकांत स्थलांतर हाच मुद्दा असतो.

फत्तेगंजची_गच्ची

इथे सगळे जाण्याबद्दल लिहिताहेत, मी येण्याबद्दल लिहिते. आमच्या वरच्या खोलीत एम. एस. युनिव्हर्सिटीची बाहेरची मुलं राहतात. आयसीसीआर या भारत सरकारच्या सांस्कृतिक संस्थेच्या शिष्यवृत्तीवर अफगाणिस्तान, आफ्रिका, श्रीलंका इथून येतात. भारताने त्या देशांशी जपलेल्या नात्यामुळेच ही मुलं माझ्या जिन्यावर दिसतात.

काबूलचा एक मुलगा दोन वर्षं होता. अर्थशास्त्र शिकायचा. संध्याकाळी वेलची घातलेला हिरवा चहा करून मला खाली आणून द्यायचा. जुलै २०२१ मध्ये बहिणीच्या लग्नाला गेला. १५ ऑगस्टला काबूल पडलं. २५ ऑगस्टला भारताने देशाबाहेर असलेल्या सगळ्या अफगाणांचे आधीचे व्हिसा रद्द केले. त्याची परीक्षा राहिली. मोठी बॅग, गोधडी आणि पुस्तकं आमच्या माळ्यावर आहेत. भाडेकरू बदलले, बॅग हलवली नाही.

शेजारी मला म्हणायचे, परक्या देशाचा मुलगा ठेवू नका. मला बाबासाहेबांची आठवण व्हायची. याच शहराच्या महाराजांनी १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन त्यांना कोलंबियाला पाठवलं, आणि १९१७ मध्ये नोकरीला परत आले तेव्हा याच शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. राज्याने वाट दिली होती, गल्लीने दार लावलं. मी ठरवलं होतं, माझं दार लावणार नाही.

अलकापुरी_सोडलेला

@फत्तेगंजची_गच्ची काकू, +१. करार सरकार करतं, पण खोली आपणच देतो. हे मी सहा वर्षांत कुणाला सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

दांडियाबाजारकर

सगळे प्रतिसाद भाच्याला वाचायला दिले. रिफायनरीवाल्या काकांचा त्याने दोनदा वाचला. नोंदी मागवल्या आहेत. बँकेतून कर्जाची फाइल सध्या काढून घेतली, मेव्हण्यांच्या पीएफला हात लावलेला नाही. सोमवारपासून तो जर्मनच्या वर्गाला बसतोय. जाईल की नाही हे त्याने अजून ठरवलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही. "माझं काय कमी पडलं" हे मात्र तो आता म्हणत नाही.

फत्तेगंजची_गच्ची

सांगितल्यावाचून राहवत नाही. शुक्रवारी, १० ऑक्टोबर २०२५ ला, काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देणार असं भारताने जाहीर केलं. काल रात्री त्याचा मेसेज आला. चार वर्षांनी. "आंटी, मेरा बैग है?"

आत्ता मुलाला शिडीवर चढवून बॅग खाली काढली. चेन गंजली होती, जरा तेल लावल्यावर सरकली. पुस्तकं ठीक आहेत. गोधडी गच्चीत उन्हात टाकली आहे.